बालसभेच्या अध्यक्षबाई

अपेक्षा माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती वडलांचा रहिवासी दाखला न्यायला, आणि जाताना माझी चोरी पकडून गेली.

मी तेव्हा वेल्ह्याकडं ग्रामसेविका होते. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं चाफेवाडी म्हणून गाव आहे, तिथं. भोरहून रोज स्कूटीवर यायचे. पोचेपर्यंत ओढणीचा मूळचा रंग कोणता हे मलाही सांगता यायचं नाही. गावात मला लहानथोर सगळे ‘मुलाणी म्याडम’ म्हणायचे.

त्या दिवशी टेबलावर सभांचं रजिस्टर उघडं पडलं होतं आणि मी शिक्का शोधत होते. समोर सातवीतली एक पोरगी उभी. दोन वेण्या, गळ्यात शिट्टी. मान वाकडी करून ती रजिस्टरातली अक्षरं उलटी वाचत होती.

“म्याडम, ह्यात माझं नाव हाय.”

“असेल गं. कुठं?”

“हितं. बालसभा. अध्यक्ष, कुमारी अपेक्षा.” तिनं बोट टेकवलं. “ही सभा कवा झाली?”

माझा हात ड्रॉवरमध्येच राहिला. ग्रामसभेच्या आधी गावातल्या मुलांची वेगळी सभा घ्यायची, त्यांच्या अडचणी ऐकून घ्यायच्या, असा आम्हाला वरून आदेश असतो. कामाच्या रेट्यात मी ती सभा कागदावरच उरकली होती. शाळेचा पट समोर ठेवून नावं उतरवली, सह्या ठोकल्या, आणि ‘ग्रामपंचायत मुलांची फार काळजी घेते’ असा आभाराचा ठरावही मुलांच्या वतीनं पास करून टाकला.

अपेक्षाचं बोट खाली सरकत होतं. एका जागी थांबलं.

“ही गण्याची सही?”

“हो.”

“गण्या पयलीत हाय म्याडम. त्याला आजून ‘ग’ काढता येत न्हाई, दांडी इसरतो. अन् हितं त्यानं विंग्रजीत सही केलीया. खाली दोन टिंबं पण दिल्यात.”

आता ही गावभर करणार, माझी नोकरी जाणार, असं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. डोळे मोठे होत चालले होते.

“म्हंजी मी खरंच अध्यक्ष हाय?”

“कागदावर... हो.”

तिला एक जोरदार उचकी लागली, दाखला टेबलावरच टाकून तिनं धूम ठोकली. अर्ध्या तासात चहावाला माझं अभिनंदन करून गेला. अंगणवाडीच्या ताई येऊन ‘बरं केलंत, पोरीला निवडलंत’ म्हणाल्या. मग सरपंचांचा फोन आला. सरपंच म्हणजे बबनराव, अपेक्षाचे सख्खे चुलते.

“म्याडम, आमची पुतणी कशाची अध्यक्ष झाली म्हणं? लोक दारात येऊन पेढं मागायला लागल्यात.”

सगळं खोटं लिहिलं होतं असं फोनवर सांगायचं कसं? मी म्हटलं, “बालसभेची. येत्या शनिवारी सभा आहे.”

चाफेवाडीतली पहिली खरी बालसभा अशी ठरली.

ही पोरगी चालत कधीच जायची नाही. दुकानात पळत, पाण्याला पळत, अगदी शाळेची घंटा व्हायला तासभर असला तरी शाळेत पळत. पायात मावसभावाचे जुने बूट, पुढं चिंध्या कोंबलेले, त्यामुळं ती येण्याआधी तिचा आवाज यायचा. शिट्टी गुरुजींनी खेळाच्या तासाला दिलेली, ती तिनं परत केलीच नव्हती. आणि उचकी! खूप हसली की उचकी, खूप घाबरली की उचकी. नुसत्या आवाजावरून दोन्हींतली कोणती हे कळायचं नाही, तोंड बघावं लागायचं.

अध्यक्ष झाल्यापासून तिला दोन वाक्यं लागली. एक, “ल्हिवून घ्या.” दुसरं, “हे कुणाच्या खात्यात येतं?” आईनं भांडी घासायला सांगितली तरी ती विचारायची, हे कुणाच्या खात्यात येतं. आई म्हणायची, “तुज्या पाठीच्या खात्यात. देऊ का?”

शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सभा भरली. तेवीस मुलं, मी आणि गुरुजी. गुरुजी भले माणूस, पण सरपंचांच्या नावानं त्यांचा घसा कोरडा पडायचा. ते खांबाआड बसले. अपेक्षानं शिट्टी वाजवली आणि अडचणी मांडायला सांगितल्या.

गण्याचा हात पहिला. “झोका पायजे.”

“ल्हिवून घ्या म्याडम. फुडं.”

“आमच्या आईनं कारलं करू नये.”

अपेक्षा विचारात पडली. “हे पंचायतीच्या खात्यात न्हाई. राज्य सरकारला कळवू. ल्हिवून घ्या.”

मी लिहून घेतलं. वह्या, संडासाची कडी, वर्गात शिरणारं माकड, सगळं लिहून घेतलं. मुलं खिदळत होती. तेवढ्यात मागून रेश्मा नावाची एक अबोल पोरगी उभी राहिली. ती वर्गातसुद्धा हजेरीला फक्त मान हलवायची.

“आमाला खेळायला जागा न्हाई,” ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळ्यांची तोंडं समोर वळली. समोर शाळेचं मैदान होतं आणि त्यात गाड्याच गाड्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळपासून गडावर जाणाऱ्यांची रीघ लागायची. बबनरावांनी मैदान पार्किंगला दिलं होतं. हिवाळ्यात तर तिथंच तंबू पडायचे, शेकोट्या व्हायच्या. सोमवारी सकाळी पहिला तास बाटल्या आणि पत्रावळ्या उचलण्याचा. गाड्या लावून घेण्याचं काम होतं अपेक्षाच्याच वडलांकडं. तिच्या आईचं पोह्यांचं टेबलही त्या मैदानाच्या कडेलाच.

सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून सगळे अध्यक्षांकडं बघत होते. अध्यक्षांना उचकी लागली होती. तोंड बघितलं, हसू नव्हतं.

“ल्हिवून घ्या,” ती म्हणाली. “मैदान पोरांचं. गाड्या दुसरीकडं.” मग हळूच मला विचारलं, “म्याडम, हे कुणाच्या खात्यात येतं?”

“तुझ्या आबांच्या,” मी म्हटलं. बबनरावांना ती आबा म्हणायची.

तो ठराव घेऊन ती एकटी आबांकडं गेली. आबांनी वाचला, हसले, आणि घडी घालून खिशात ठेवला. “शाबास,” म्हणाले, “अक्षर लई सुदारलं तुजं.”

पुढच्या शनिवारी सकाळी मी स्कूटीवरून उतरते तो शाळेकडून ढोलाचा आवाज. शनिवारची सकाळची शाळा, पण घंटेला अजून वेळ होता. जाऊन बघितलं तर मैदानात रंगीबेरंगी तंबू आणि तंबूंच्या मधून वाट काढत तेवीसच्या तेवीस पोरं लेझीम खेळत होती. अपेक्षा सगळ्यांच्या पुढं. शिट्टी, एक साथ, डावा पाय. गण्या ढोल वाजवत होता, म्हणजे ढोलामागं नुसते दोन हात दिसत होते.

एकेका तंबूची चेन उघडायला लागली. माकडटोप्या, विस्कटलेले केस, एका पायात मोजा. पहिल्यांदा त्यांना वाटलं हा आपल्या स्वागताचा कार्यक्रम आहे. टाळ्या पडल्या, मोबाईल निघाले. एक जाडजूड गृहस्थ तर लेझीम मागून घेऊन रांगेत सामील झाले आणि अगदी झोकात खेळले. शेवटी एका बाईंनी विचारलं, “बाळ, हे रोज असतं का गं? किती छान!”

“रोज न्हाई,” अपेक्षा धापा टाकत म्हणाली. “ही आमची शाळा हाय. तुमी आमच्या लंगडीच्या रिंगणात झोपलायसा.”

त्या बाईंनी खाली बघितलं. तंबूच्या कडेनं खरंच चुन्याची पांढरी रेघ गेलेली होती. बाई चपापल्या. “अहो, उठा,” त्यांनी आत हाक मारली, “आपण मुलांच्या ग्राउंडवर आहोत.” मग जी पळापळ झाली! घाईत कुणी दुसऱ्याचाच तंबू गुंडाळला, कुणाचा चहा सांडला, आणि आत अजून झोपलेल्या एका माणसासकट तंबू उचलायला चौघं लागले. मुलं हसून हसून लोळत होती. अपेक्षाला इतक्या उचक्या लागल्या की शिट्टी आपोआप वाजायला लागली.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या खोऱ्यात फिरला. आणि संध्याकाळी तिच्या घरी आवाज चढले.

मला हे तिच्या आईनं सोमवारी सांगितलं, पोह्यांचं पातेलं घासता घासता. बबनराव म्हणाले, घरातलीच पोरगी गावात हसं करती. त्यावर वडील एकदम म्हणाले, ‘पुढल्या वर्सी हिला आत्याकडं आंबवड्याला धाडू. न्हाईतर शाळाच बास.’

“म्याडम, तुमीच सांगा तिला,” आई म्हणाली. “आमचं पोट हितंच हाय. उद्या दीरांनी आमाला काढलं तर आमी कुठं जायाचं?”

मी अपेक्षाला सांगितलं. जरा दमानं घे, म्हटलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते. ती बुटातल्या चिंध्या नीट करत ऐकत होती.

“म्याडम, आईचं बरोबर हाय?”

“हो.”

“अन् रेश्माचं?”

“तिचंही बरोबरच आहे.”

“मग दोनी ल्हिवून घ्या की,” ती म्हणाली, आणि पळाली.

त्यानंतरच्या रविवारी गण्याच्या पायावरून गाडी गेली. चेंडू गाडीखाली गेला म्हणून तो वाकला होता, मागं घेणाऱ्याला दिसला नाही. चाक पंजावरून गेलं. अपेक्षाच्या वडलांनी त्याला उचललं आणि त्या गाडीवाल्याच्याच गाडीतून भोरला दवाखान्यात नेलं. दोन बोटं मोडली. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर झालं. गण्या परत आला तो राजासारखा, टेम्पोत पुढच्या सीटवर बसून, आणि आल्या आल्या सगळ्यांकडून प्लॅस्टरवर नावं लिहून घ्यायला लागला. बातमी कळून मीही आले होते, मला म्हणाला, “म्याडम, तुमी पण सही करा. विंग्रजीत.”

मी सही केली. बाजूला जाऊन डोळे पुसले.

सोमवारी शाळेच्या फाटकावर पाटी लागली : ‘शुक्रवार ते रविवार मुलांनी मैदानात येऊ नये.’

ती पाटी अपेक्षानं मोठ्यानं वाचली. तिला उचकी लागली नाही. तिला मी एवढं शांत कधी बघितलं नव्हतं.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला होती. सकाळचं झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला, आणि मोठी माणसं चावडीपुढच्या सतरंजीवर बसली. तेवीस पोरं मात्र घरी गेलीच नाहीत. ती मागच्या बाजूला गणवेशात ओळीनं उभी राहिली. गण्या खुर्चीवर, प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. मी विषय वाचत होते, पाणीपट्टी, गटार, दिवाबत्ती. आणि शेवटी वाचलं, “बालसभेचा ठराव. मांडणार, बालसभेच्या अध्यक्ष.”

“पोरांचं काय काम ग्रामसबंत?” पुढून कुणीतरी म्हणालं. “त्यांना मत हाय व्हय?”

बबनराव माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, “मत नाही, पण म्हणणं मांडता येतं. तसा आदेश आहे. यापूर्वी मी मुलांना न विचारता त्यांच्या नावानं लिहिलं होतं. ती चूक माझी. आज त्यांनाच बोलू द्या.”

सभा माझ्याकडं बघत राहिली. बघू दे म्हटलं.

अपेक्षा पुढं आली. बुटांचा खडखडाट. हातात कागद. तिनं तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी उचकी आली. सगळे हसले. दुसरं वाक्य, पुन्हा उचकी. पुन्हा हसू. पोरीचे कान लाल झाले. तिच्या वडलांनी मान खाली घातली होती, आई पदर तोंडावर धरून बसली होती. मला वाटलं, आता रडणार.

तिनं कागदाची घडी घातली.

“हसा,” ती म्हणाली, “मला भ्या वाटलं की, हिक्, उचकी लागती. आत्ता लई भ्या वाटतंय. तरी बोलती. गण्याचा पाय मोडला, अन् पाटी, हिक्, आमालाच लावली. गाडीला न्हाई लावली. आमी काय चुकलो? शाळा आमची, मैदान आमचं, चेंडू बी आमचाच हुता. आबा, तुमी ल्हान हुतासा तवा, हिक्, कुठं खेळलासा?”

बबनराव टोपी सारखी करायला लागले.

“सांगा की आबा. ल्हिवून घ्यायचं हाय.”

उत्तर आलं ते भलतीकडून. रामूनाना म्हणून गावातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ काठी टेकून अर्धे उठले. “कुठं म्हंजी? त्याच मैदानात! कबड्डीला काय पकड हुती बबन्याची! एकदा तर पलीकडल्या गावचा गडी असा धरला, असा धरला, की तो सुटला पण ह्याची चड्डी गेली त्याच्यासंगं.”

जी सभा मघाशी पोरीला हसत होती ती आता सरपंचांना हसायला लागली. बायका तर सतरंजीवर आडव्या झाल्या. कुणी म्हणालं, चड्डी निळी होती. कुणी म्हणालं, छे, खाकी. त्यावर वाद पेटला. मग एकेक जण आपापली आठवण काढायला लागला. कुणाचा दात त्या मैदानात पडला होता, कुणाचं लग्न तिथल्याच मांडवात लागलं होतं. रजिस्टरात काय लिहावं मला कळेना. बबनरावांनी बराच वेळ तोंड आवळून धरलं होतं. शेवटी त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते असे हसले की टोपी पडली.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “आगं पण अपे, एवढ्या गाड्या मी कुठं लावू? डोक्यावर?”

“वढ्याकडचं आपलं पडीक,” ती लगेच म्हणाली. उचकी कधीच थांबली होती. “आमी मोजलंय. गाड्या जास्ती बसत्यात. अन् गडाची वाट तितनं जवळ हाय. आईचं टेबल पण बसतंय, सावलीला.”

“तुमी मोजलंय?”

“तेवीस जणांनी. रेश्मा गाडी झाली हुती, मी वळवून बगितली.”

“व्हय,” मागून रेश्मा म्हणाली. पहिल्यांदाच ऐकू येईल एवढ्या आवाजात. “मी मागं पण घेतली.”

मी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितले. क्षणभर एकही हात वर आला नाही. सगळे सरपंचांच्या तोंडाकडं बघत होते. मग अगदी पुढून एक हात वर झाला. अपेक्षाचे वडील. भावाकडं न बघता, जमिनीकडं बघत, हात मात्र सरळ वर.

“त्या दिवशी गण्याला म्या उचलला,” ते म्हणाले. एवढंच.

मग हातच हात. रामूनानांनी काठीसकट वर केला. बबनरावांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली, आणि आपलाही हात वर केला. “ल्हिवून घ्या म्याडम,” म्हणाले, “पण पोरांचा आन् आमचा एक कबड्डीचा सामना झाल्याबिगर ठराव पुरा न्हाई.”

तो सामना त्याच दुपारी झाला. सरपंच, अपेक्षाचे वडील, चहावाला, आणि धरून आणलेले गुरुजी एकीकडं. पोरं दुसरीकडं. गण्या खुर्चीवरून पंच, शिट्टी त्याच्याकडं दिलेली, आणि त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या मोठ्यांना बाद देऊन टाकलं. गुरुजींनी आश्चर्य म्हणजे सरपंचांशी हुज्जत घातली. अपेक्षा आबांच्या पायाला जी चिकटली ती ते मधल्या रेघेपर्यंत फरफटत गेले तरी सुटली नाही. धुळीत पालथे पडून बबनराव ओरडत होते, “सोड गं भवाने, तुजाच चुलता हाय!” आणि ती ओरडत होती, “आधी कबड्डी म्हणा, दम गेला तुमचा!”

त्यानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. पहिले काही आठवडे चुकून एखादी गाडी मैदानात यायचीच. दोन पोरं फाटकात उभी राहून तिला ओढ्याचा रस्ता दाखवायची, फार नम्रपणे, आणि ऐकलं नाही तर ढोल आणायला जायची. आंबवड्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आईचं टेबल सावलीला गेलं. झोकाही आला, उशिरा का होईना. कारल्याचं तेवढं अजून राज्य सरकारकडं आहे. बालसभा मात्र मी नंतर कधी कागदावर घेतली नाही. घ्यायची हिंमतच राहिली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, भोरजवळ, उत्रोलीच्या बाजूला. घर जवळ आलं म्हणून अम्मी खूश. निघायच्या दिवशी ऑफिसात नारळ, शाल, भाषणं झाली. अपेक्षा येणार होती, तसा तिचा निरोप होता. ती आली नाही. मी जरा वेळ थांबले, मग थोडी खट्टू होऊन स्कूटीला किल्ली लावली.

शाळेपाशी आले तर आरडाओरडा. शनिवारची दुपार होती. मैदान स्वच्छ, नुसतं ऊन आणि पोरं. खो-खो रंगात आला होता. गण्या दोन्ही पायांनी पळत होता. रेश्मा खांबाला हात लावून कुणाशी तरी भांडत होती, तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मधल्या ओळीत, रस्त्याकडं तोंड करून, अपेक्षा उकिडवी बसलेली. घामानं चेहरा चमकत होता, गालाला माती, नजर पळणाऱ्यावर.

मी हॉर्न वाजवला. तिनं बघितलं. तोंडभर हसली, हात वर केला, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ दिला.

हात तसाच वर, आणि ती पळाली.